भुतांचे ग्रेडर

पडद्यावर सामरी उगवला की खोलीतली सगळी पोट्टी एकमेकांच्या दंडात नखं रोवतात आणि ग्रेडरकाका खुर्चीतून अर्धवट उठल्यासारखं करून म्हणतात, "या, अग्रवालसाहेब!"

'पुराना मंदिर'मधला तो ताडमाड सैतान म्हणजे अनिरुद्ध अग्रवाल, रुरकीहून सिव्हिल इंजिनिअर झालेला माणूस. हे काकांना जेव्हापासून कळलं तेव्हापासून त्यांनी त्याला कधी अरेतुरे केलं नाही. शिकलेल्या माणसाला मान द्यावा, मग तो पडद्यावर कुणाचा गळा का आवळत असेना. "रुरकी म्हंजे काय साधं कॉलेज हाय का बाप्पा? थो माणूस पूल बांधत बसला असता, धरणं बांधत बसला असता. आपल्यासाठी थोबाडाले लेप लावून मसणात उभा ऱ्हायला. आन् तुम्ही त्याले भिऊन ऱ्हायले? लाज नाही वाटत?"

असा माणूस फक्त आमच्याच गल्लीत आहे, असा आमचा दावा नाही. यवतमाळ जिल्ह्यात तालुक्यागणिक एखादा तरी सापडतोच. पुसदला तो निवृत्त पोस्टमन असतो, वणीला कोळशाच्या खाणीतला फिटर, दिग्रसला शिंपी. वय साठीच्या पुढचं, आवाज वरच्या पट्टीतला, घरात चालू अवस्थेतला व्हीसीआर आणि तोंडात रामसे बंधूंची नावं. 'शोले' किती वेळा पाहिला हे सांगणारे गावोगाव असतात. हा प्राणी 'वीराना' किती वेळा पाहिला ते सांगतो, आणि तेही न विचारता. आमच्या वाट्याला आलेला नमुना कापसाचा ग्रेडर होता, एवढाच फरक.

पण तो फरक मोठा आहे. १९७२ साली राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना आली. शेतकऱ्याने कापूस पणन महासंघाच्या केंद्रावरच घालायचा आणि केंद्रावर ग्रेडर म्हणेल ती ग्रेड. काका त्यात हंगामी म्हणून चिकटले आणि कोपरापर्यंतचा हात बंडीत घालतच म्हातारे झाले. वरचा कापूस बघायचा नाही, तो दाखवायला ठेवलेला असतो. तळातून मूठभर ओढायचा, दोन अंगठ्यांत धागा ताणून लांबी बघायची, सरकी दाताखाली धरायची. कट्कन आवाज आला तर माल वाळलेला, नाही आला तर रात्री पाणी मारलेलं. मग तोंड न उचलता सांगायचं: सुपर, एफएक्यू, कवडी. नोकरी गेली, योजना गेली, हात मात्र तसाच राहिला. आता तो भुतांच्या सिनेमात कोपरापर्यंत घालतात.

'पुराना मंदिर' सुपर. 'झपाटलेला' सुपर. 'एक डाव भुताचा' सुपर, त्यावर वाद घालायचा नाही. 'वीराना' एफएक्यू, म्हणजे बरा माल, सरासरी. त्यात सतीश शहाने केलेल्या हिचकॉक नावाच्या पात्राला वेगळे गुण. आणि पहिल्या भागाला पैसा मिळाला म्हणून काढलेला दुसरा भाग म्हणजे फरदड. हंगाम संपल्यावर त्याच पऱ्हाटीला पुन्हा पाणी देऊन जो उरलासुरला कापूस काढतात, तो. धागा आखूड, अळीला आमंत्रण. "फरदड घेऊ नोका म्हून सरकार वरडून ऱ्हायलं, पण मुंबईवाले काही ऐकत नाहीत," असं काका म्हणतात तेव्हा नवख्या माणसाला विषय शेतीचा आहे की सिनेमाचा ते कळत नाही. काकांनाही ते नेहमी कळत असेल असं नाही.

एका बाबतीत मात्र त्यांनी महासंघाचा नियम उलटा केला आहे. कापसात काडीकचरा दिसला की ग्रेड उतरते. भुतात दिसला की चढते. वटवाघळाला बांधलेली दोरी दिसली, एक पायरी वर. थडग्याचा दगड पाय लागून हलला, आणखी एक. मुखवट्याखालून मानेची कातडी वेगळ्या रंगाची दिसली तर काका टीव्ही थांबवतात, उठून पडद्याजवळ जातात, बोटाने ती जागा दाखवतात आणि पोराला खरचटलेलं बघावं तशा आवाजात म्हणतात, "पाह्य, पाह्य कसा घाम येऊन ऱ्हायला बिचाऱ्याले."

ही नजर त्यांना कुठे मिळाली, ते त्यांनी सांगितलेलं सांगतो. १९८२च्या आशियाई खेळांच्या वेळी देशात रंगीत टीव्ही आला, मागोमाग व्हीसीआर आला आणि दोनेक वर्षांत तालुक्याच्या गावीसुद्धा टिनाच्या शेडमध्ये व्हिडिओ चालू झाले. हंगामात कापूस संकलन केंद्राबाहेर बंड्यांची ही लांबच लांब रांग. दोन-दोन दिवस नंबर लागायचा नाही. माणसं बंडीखाली गोधडी अंथरून पडायची, बैल जागच्या जागी कडबा चघळायचे. अशा रांगेच्या तोंडाशी एका हुशार माणसाने ताडपत्री बांधून टीव्ही ठेवला. तिकीट दोन रुपये, बसायला रिकामी पोती. सिनेमा 'पुराना मंदिर', फक्त प्रौढांसाठी, म्हणून लेकरांना फुकट.

काका तेव्हा नवेच ग्रेडर. आत शिरले तर सगळे सरकून बसले. सकाळी ज्याच्या हातात आपला वर्षाचा घाम जायचा आहे त्याच्या शेजारी कोण बसणार? एका म्हाताऱ्याला जागाच नव्हती म्हणून तो त्यांना चिकटून बसला. सिनेमात सामरीचं मुंडकं पेटीत बंद आणि धड दुसरीकडे पुरलेलं. पेटीकडे हात जायला लागले तशी शेडमध्ये कुजबुज वाढली. "अबे नोको उघडू! उघडू नोको म्हंतो ना!" अशी मागून आरोळी आली. पेटी उघडली, आणि नेमकी तेव्हा लाईट गेली.

अंधारात एवढी माणसं एकदम गप्प. मग कोणीतरी कोपऱ्यातून घोगऱ्या आवाजात विचारलं, "एफएक्यू का सुपर?"

त्यानंतर जे हसू फुटलं तसं आपण पुन्हा कधी ऐकलं नाही, असं काका म्हणतात. बैल बिचकून उठले. लाईट परत आली तेव्हा म्हाताऱ्याने काकांचा हात मनगटाशी घट्ट धरलेला होता आणि सामरी जळेपर्यंत तो त्याने सोडला नाही. सकाळी त्याचीच बंडी पुढे आली. काकांनी तळातून मूठ ओढली, सरकी दाताखाली धरली. आवाज आला नाही. रात्रभर हात धरलेल्या माणसाचा माल ओला कसा म्हणायचा? काकांनी म्हटला. म्हाताऱ्याने पावती घेतली, घडी करून टोपीत ठेवली आणि बैलांना दामटवत म्हणाला, "सामरी बरा होता."

हा किस्सा काका स्वतःवरच्या विनोदासारखा सांगतात, पण त्यातच त्यांची सगळी भूतमीमांसा आली. सामरी येण्याआधी वारा सुटतो, दार करकरतं, कुत्रं रडतं, ढगांत वीज चमकते आणि बँजो की काय ते वाजतं. एवढी वर्दी देऊन आमच्या जिल्ह्यात दुसरं काहीच येत नाही. "पाऊस सांगून येते का? भाव सांगून पडते का? २०१७ साली बोंडअळी आली, थे का दार करकरवून आली? बाहेरून बोंड चांगलं टणक, फोडलं तं आत गुलाबी किडा. असा बेइमानपणा रामसेच्या एका भुतानं केला नाही." यावर काय बोलणार? जिल्ह्यात त्या साली काय झालं ते ज्यांनी पाहिलं, त्यांना भुताची भीती दाखवायला फार मोठं बजेट लागेल.

बजेट हा तर काकांचा हळवा विषय. रामसे मंडळींची कुळकथा ते घरच्या माणसांची सांगावी तशी सांगतात. बाप एफ. यू. रामसे, मूळ आडनाव रामसिंघानी, फाळणीआधी कराचीत रेडिओचं दुकान. गोऱ्या गिऱ्हाइकांच्या जिभेला रामसिंघानी पेलेना, त्याचं रामसे झालं. मुंबईत येऊन १९७० साली 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' काढला, तो आपटला. पण पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा घालून चोरीला येतात तेवढ्या एका प्रसंगाला लोक दाद देत होते, हे पोरांनी थिएटरात बसून हेरलं. म्हणाले, बाकीचा सिनेमा काढायचाच कशाला? नुसता मुखवटाच काढू. १९७२ साली 'दो गज जमीन के नीचे' आला. सगळं बिऱ्हाड बसमध्ये घालून महाबळेश्वरला नेलं, सरकारी विश्रामगृहात उतरवलं, खर्च साडेतीन लाखांच्या आसपास, काम चाळीसेक दिवसांत खतम. कुमार लिहिणार, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करणार, गंगू कॅमेऱ्यामागे, किरण आवाजाकडे, अर्जुन संकलनाला, वगैरे. "सात भाऊ! आन् सातही जण एकाच भुताच्या मागं लागले. आमच्या इकडे दोघा भावात पाच एकर असलं तं धुऱ्यावरून डोकी फुटतात."

भाच्याने एकदा त्यांना जगातल्या स्वस्त भुतांची माहिती दिली. हा भाचा पुण्याला संगणकात आहे आणि दिवाळीला येताना मामांसाठी असा काहीतरी माल घेऊन येतो. अमेरिकेत रॉजर कॉर्मन नावाच्या माणसाने १९६० साली माणसं खाणाऱ्या झाडाचा सिनेमा काढला, 'द लिटल शॉप ऑफ हॉरर्स', आणि त्याचं मुख्य चित्रीकरण दोन दिवस आणि एका रात्रीत उरकलं. काकांनी मान डोलावली, पण हलली नाही म्हणावी इतकीच; कॉर्मन एफएक्यू. मग भाच्याने एड वूड काढला. त्याच्या 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस'चा ड्रॅक्युलाछाप नट बेला लुगोसी १९५६ साली वारला. त्याची आधी घेऊन ठेवलेली थोडीशी फिल्म हाताशी होती. एड वूडने ती फेकली नाही. उरलेल्या कामासाठी बायकोच्या ओळखीतला मणके बसवणारा वैद्य उभा केला, आणि चेहरा काही केल्या जुळेना म्हणून त्याला झग्याने तोंड झाकून चालायला लावलं.

काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मेलेल्या माणसाकडून काम करून घेतलं. आन् पिक्चर कशाचा, तं मेलेले उठतात त्याचा. याच्याहून खरा माल कोठी भेटन?" सुपर.

हिंदीतल्या भुतांच्या सिनेमात मधेच काहीतरी विनोदी कथानक घुसतं, त्याला शिकलेले लोक नाकं मुरडतात. 'पुराना मंदिर'मध्ये जगदीप डाकू होऊन येतो, 'शोले'तल्या गब्बरची टर उडवतो, नाव मच्छर सिंग. मूळ गोष्टीशी त्याचं नातं नाही, गोत्र नाही. काका तो भाग कधीही पुढे ढकलत नाहीत. "भेवाले बी सुट्टी लागते नं बाप्पा." आणि हे त्यांचं मत मला समीक्षकांपेक्षा पटतं. १९६५ साली मेहमूदने 'भूत बंगला' काढला तेव्हाच त्याने ओळखलं होतं, की आपला प्रेक्षक तासभर सलग घाबरून बसणारा नव्हे. त्याला मधे बाहेर जाऊन पान खायचं असतं.

मराठीच्या दालनात मात्र काका जरा सावरून बसतात. 'एक डाव भुताचा' १९८२चा. मास्तर दिलीप प्रभावळकर, भूत अशोक सराफ, लेखन द. मा. मिरासदारांचं. म्हणजे भुताला आधी व्याकरण आलं, मग भय. आणि १९९३चा 'झपाटलेला' तर त्यांचा ग्रंथच. महेश कोठारेंनी विलायती 'चाइल्ड्स प्ले'मधली बाहुली आणली खरी, पण तिला असं काही मराठी वळण लावलं, की तात्या विंचू हा विलायतेतून आला असेल असं आज कोणाला स्वप्नातही वाटणार नाही. बाहुला रामदास पाध्यांचा. त्यांच्या वडिलांनी, यशवंत पाध्यांनी, १९१६ साली अर्धवटरावांना जन्म दिला. "अर्धवटराव निघाले सज्जन, तात्या निघाला वाया गेलेला. एका घराण्यात दोन्ही निघतात," असं काका काकूंच्या माहेरच्या मंडळींसमोर म्हणाले होते. त्या दिवशी जेवणात त्यांच्या पाटोडीच्या रश्शाला तर्री आली नाही.

कोणी विचारलं, काका, तुमचा भुतांवर विश्वास आहे का, तर ते चिडतात. त्यांचा भुतांवर काडीचा विश्वास नाही. गावाकडे कोणाला रानात चकवा लागला, कोणाच्या अंगात आलं, असं कानावर आलं की काका एसटीने तिथे पोचतात आणि माणसाला दवाखान्यात नेऊन मगच परततात. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याची झेरॉक्स त्यांच्या खिशात कायम घडी करून असते. किमान सहा महिने, जास्तीत जास्त सात वर्षं कैद. दंड पाच हजार ते पन्नास हजार. एकदा 'झपाटलेला' बघताना त्यांनी ती झेरॉक्स काढली आणि तात्याला मृत्युंजय मंत्र शिकवणाऱ्या बाबा चमत्काराला सात वर्षं आणि पन्नास हजार सुनावले. नात म्हणाली, "पण आजोबा, पिक्चर तं त्याच्या आधीचा हाय." काकांनी चष्मा वर केला, कागद पुन्हा वाचला आणि मान्य केलं: कायदा मागून लागू होत नाही, बाबा सुटला. "आन् तात्या बी किती हुशार! दुसऱ्या भागात आला थो २०१३मध्येच, थ्रीडी होऊन. कायदा व्हायच्या आत येऊन निसटला." फरदडीला त्यांनी दिलेली ही एकमेव दाद.

काकूंचं उलट आहे. त्यांना सामरीची भीती वाटत नाही. सामरी आला की त्या वाती वळतात, किंवा तूर निवडतात. पण तात्या विंचू दिसला की उठून आत जातात. कारण घरात एक तात्या आहे. तान्ह्या पोळ्याला आमच्याकडे लेकरं लाकडी नंदीबैल सजवून नेतात आणि स्वतःही नटतात: कोणी शिवाजी महाराज, कोणी झाशीची राणी, निम्मे तरी शेतकरी. काकांनी नातवाला तात्या विंचू केलं. कागदाच्या लगद्याचा मुखवटा स्वतः केला. आत जिनिंगमधून आणलेली रुई, गालावर शिवण, भुवया काकूंच्या जुन्या गंगावनाच्या. नातू नंदीवर बसून मंडपात शिरला आणि ठसक्यात मंत्राचं शेपूट म्हणाला, तशी परीक्षक बाईंच्या हातातली गुणांची वही खाली पडली. पहिलं बक्षीस शेतकऱ्याला गेलं. काका तेव्हापासून परीक्षक मंडळावर नाराज आहेत. मुखवटा काकूंनी गव्हाच्या कोठीत टाकला, की पुन्हा दिसू नये. पुढे पाहुणी आलेल्या जावेने पोळ्यांसाठी गहू काढायला कोठीचं झाकण उघडलं. त्या दुपारी आमच्या गल्लीत जी किंकाळी उठली तिला काकांनी पलीकडच्या खोलीतून, झोपेतच, "सुपर" म्हटलं.

काकांच्या वर्षातला खरा हंगाम नवरात्राचा. यवतमाळचा दुर्गोत्सव विदर्भभर नावाजलेला. गावोगावची माणसं देखावे बघायला लोटतात, रात्र रात्र रस्ते हलत नाहीत. देवीचं दर्शन झालं की काका मेळ्यातल्या भूतबंगल्याची तपासणी करतात. काळ्या कापडाचा बोगदा, आत लाल बल्ब, पंख्याला बांधलेल्या चिंध्या, टेपवर रडणारी बाई आणि तीन-चार कॉलेजची पोरं, ज्यांना रात्रपाळीचे पैसे मिळतात. मागच्या खेपेला मी बरोबर होतो. पहिल्या वळणावर एक पोरगं झिपऱ्या सोडून अंगावर आलं. काकांनी त्याचा दंड धरला.

"अबे, एवढ्या लवकर नोको येत जाऊ. माणूस आत आला की त्याले चार पावलं चालू द्यायची. त्याले वाटलं पाह्यजे, की इथं कोणीच नाही. मंग यायचं. आन् हे पायात चप्पल काऊन?"

"खिळे आहेत, काका."

"मंग चपलेले काळं फडकं गुंडाळ. निळा पट्टा दुरून दिसून ऱ्हायला." आणि खिशातून शेंगदाण्याची पुडी काढून त्याच्या हातावर ठेवली. मागे रांग खोळंबली होती, बायका ओरडत होत्या, पण त्या ओरडण्यात भीती नव्हती. मुक्काम हलेपर्यंत ते पोरगं चार पावलं मोजून यायला लागलं आणि मालकाचा गल्ला वाढला म्हणे. निदान काका तसं सांगतात.

म्हणूनच नव्या भुतांशी त्यांचं जमत नाही. भाच्याने २०२४चा 'मुंज्या' दाखवला. कोकणातलं भूत, दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, ज्यांनी आधी 'झोंबिवली' करून डोंबिवलीत झोंबी सोडले होते, म्हणजे माणूस आपल्यातलाच. काका पुढे सरसावून बसले. दोरी शोधली, शिवण शोधली, मानेचा रंग बघितला. काही सापडेना.

"भूत कोण झालं याच्यात?"

"कोणी नाही, मामा. कॉम्प्युटरवर केलंय."

"कोणीच नाही?"

"आवाज माणसाचा आहे. बाकी सगळं कॉम्प्युटर."

काकांनी चष्मा काढून पुसला. "मंग शूटिंगात भुताले चहा कोण देते?"

भाच्याला हसू आवरेना. पण काका विनोद करत नव्हते. त्यांच्या लेखी भूत म्हणजे मुखवट्याआड उकडत असलेला, हजेरीवर आलेला, पॅकअपनंतर तोंड धुऊन घरी जाणारा माणूस. त्याच्यासाठी त्यांना घाबरून दाखवायचं असतं. एवढा नटूनथटून आलाय, तर आपण दचकायला नको? जिथे तो माणूसच नाही तिथे हात तळापर्यंत गेला तरी हाताला काही लागत नाही. 'मुंज्या'ला त्यांनी ग्रेड दिली नाही. सिनेमा वाईट आहे असंही म्हणाले नाहीत. "हा माझ्या खात्यातला माल नाही," एवढंच.

त्यांचं एक जुनं स्वप्न आहे, ते गावातल्या बहुतेकांनी ऐकून झालं आहे. रामसे मंडळी मुरूड-जंजिऱ्याच्या नवाबाच्या वाड्यापर्यंत भूत घेऊन गेली, पण त्यांना कोणी यवतमाळची शकुंतला दाखवली नाही. मूर्तिजापूरपासून यवतमाळपर्यंत ११३ किलोमीटरची ती छोट्या रुळांची गाडी. १९२१ सालचं मँचेस्टरचं वाफेचं इंजिन १९९४पर्यंत ओढत होतं. आता गाडी नाही, रुळांत बाभळी उगवल्या आहेत. काकांची गोष्ट तयार आहे: अमावस्येच्या रात्री गाडी येते, तिच्यात कापसाच्या गाठी आणि एक जुना ग्रेडर. तो ज्याच्या बंडीत हात घालतो त्याचा कापूस सकाळी सुपर निघतो. यात भीती कुठे आहे, असं मी विचारलं. "भीती व्यापाऱ्यायले," काका म्हणाले.

कॅसेटी जपणं हे त्यांचं सध्याचं काम. पावसाळ्यात व्हीएचएसच्या फितीला पांढरी बुरशी धरते. काका कॅसेटचे स्क्रू खोलतात, फीत बोटभर बोटभर पुढे सरकवत पुसतात. व्हीसीआरच्या हेडला मात्र स्पिरिटमध्ये बुडवलेला रुईचा बोळा फिरवतात, आणि तो बोळा निवडताना आधी अंगठ्यांत धागा ओढून बघतात. आखूड धाग्याची रुई हेडवर तंतू सोडते. काकू म्हणतात, एवढ्या मायेनं त्यांनी कधी पोरांचे कान पुसले नाहीत.

तर वाचकहो, एक विनंती. माळ्यावर, पलंगाखाली, सासरच्या ट्रंकेत कुठे 'भुताचा भाऊ', 'एक डाव भुताचा' किंवा रामसे बंधूंची एखादी कॅसेट पडून असेल, तर भंगारवाल्याला देऊ नका. बुरशी लागलेली, फीत गुंतलेली, कव्हर नसलेली, कसलीही चालते. यवतमाळला येणं झालं तर सोबत आणा आणि कापसाचे ग्रेडर कुठे राहतात ते विचारा. खेळ शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर असतो. चटई ज्याची त्याने आणायची. लाईट गेली तर पैसे परत मिळत नाहीत, कारण घेतलेच जात नाहीत.